तिरकं, ठळक आणि सुसाट!

कीबोर्डवरची दोन बटणं दाबली की मराठी अक्षर जाड होतं, झुकतं आणि पळत सुटतं. पण त्यानं पळायचं कुठे आणि गप उभं राहायचं कुठे?

मेहरूण म्हटलं की बाहेरगावच्या पाहुण्यांना दोनच गोष्टी आठवतात. थंडीतली बोरं आणि तलाव. आपण इथले, त्यामुळे आपल्याला तिसरीही गोष्ट रोज दिसते. फक्त आपण तिच्याकडे बघत नाही. ती म्हणजे भिंतीवरची, बसवरची, बाइकवरची अक्षरं!

उद्या सकाळी तलावावर वॉकला जाल तेव्हा एक खेळ खेळा. कानातले इयरफोन काढा, मोबाइल खिशात टाका आणि येता-जाता नुसत्या पाट्या बघा. जिमचा बोर्ड. नाइट क्रिकेटचा फ्लेक्स. रात्रभर धावून आलेली पुण्याची ट्रॅव्हल्स. कुठल्याशा भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. कुरियरवाल्याच्या पाठीवरची बॅग. शेजारून धापा टाकत जाणाऱ्या काकांचा मॅरेथॉनचा टी-शर्ट. ह्या सगळ्यांत कॉमन काय? अक्षरं जाडजूड आहेत, उजवीकडे झुकलेली आहेत आणि त्यांच्या अंगावर नक्षी-बिक्षी काही नाही. जणू सगळ्या गावालाच लेट झालाय आणि गाडी सुटायला दोन मिनिटं उरलीत!

ह्या स्टाइलला डिझाइनवाल्यांच्या भाषेत म्हणतात 'बोल्ड इटॅलिक सॅन्स सेरिफ'. नाव भारदस्त, पण फंडा सोपा आहे. बोल्ड म्हणजे जाड. इटॅलिक म्हणजे पुढे झुकलेलं. सॅन्स सेरिफ म्हणजे टोकाला पावलं नसलेलं. इंग्रजी 'टाइम्स न्यू रोमन'मध्ये अक्षरांच्या टोकांना जी बारीक पावलं असतात ना, ती सेरिफ. 'सॅन्स' म्हणजे फ्रेंचमध्ये 'विना'. पावलं छाटली की 'एरियल'सारखं स्वच्छ अक्षर उरतं.

मराठीत ही पावलं मुळातच नाहीत. आपल्याकडे फरक पडतो तो बोरूचा. तिरप्या कापलेल्या बोरूनं लिहिलं की अक्षराचा एक भाग जाड येतो, एक बारीक. जुन्या पोथ्यांचं आणि पुस्तकांचं वळण ते हेच. हा जाड-बारीक खेळ काढून टाकला आणि सगळीकडे रेघ एकाच जाडीची ठेवली, की झालं आपलं देवनागरी सॅन्स. मोबाइलच्या स्क्रीनवर तुम्ही दिवसभर वाचता, ते बहुतेक हेच.

ठळक सज्जन, तिरका खट

आता गंमत बघा. मराठीत 'ठळक' ह्या शब्दाला केवढा मान आहे! आकाशवाणीवर बातम्यांमध्ये 'ठळक बातम्या' असतात. रेडिओवर ना कागद, ना शाई, तरी बातमी ठळक! जे महत्त्वाचं ते ठळक, हे आपल्या डोक्यात इतकं फिट्ट बसलंय.

आणि तिरकं? तिरका माणूस म्हणजे सरळ नसलेला. तिरकस बोलणं म्हणजे टोमणा. तिरकी नजर, तिरकी चाल... एकाही शब्दाचं कॅरेक्टर चांगलं नाही! भाषेनं ज्याला संशयितांच्या रांगेत उभं केलं, त्याच तिरप्या अक्षराला आपण आज गावभर मिरवतोय. हे झालं कसं?

व्हेनिस ते टी-शर्ट

इटॅलिक ह्या नावातच इटली आहे. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतियुस नावाचा एक प्रकाशक होता. त्यानं १५०१ मध्ये रोमन कवी व्हर्जिलचं पुस्तक काढलं, ते अख्खंच्या अख्खं झुकलेल्या टाइपात. टाइप कोरला होता फ्रान्चेस्को ग्रिफो ह्या कारागिरानं. अक्षराचं वळण घेतलं कुठून? तिथल्या शिकलेल्या लोकांच्या आणि कचेऱ्यांमधल्या कारकुनांच्या भरभर लिहायच्या हातावरून. म्हणजे इटॅलिक हे जन्मापासूनच घाईचं अक्षर. पण तेव्हा ते एखाद्या शब्दावर जोर द्यायला नव्हतं बरं का. सरळ मजकुरात मधलाच एक शब्द तिरपा करायची पद्धत नंतर रुळली.

छापखान्याच्या खिळ्यांत सॅन्स सेरिफ यायला आणखी तीनशे वर्षं गेली. लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथा ह्याच्या फाउंड्रीनं १८१६ मध्ये त्याचा नमुना छापला. १८४५ मध्ये 'क्लॅरेंडन' नावाचा टाइप आला आणि साध्या मजकुराच्या जोडीला एक जाड भाऊ ठेवायची कल्पना त्यानं रुजवली. तिरपं सोळाव्या शतकातलं, बिनपावलांचं आणि जाड एकोणिसाव्या शतकातलं. ह्या तिघांचं एकत्र कुटुंब खरं गाजलं ते विसाव्या शतकात, मोटारी आणि जाहिरातींच्या जमान्यात. १९२७ मध्ये पॉल रेनरचा 'फ्युचुरा' आला, १९५७ मध्ये 'हेल्व्हेटिका'. ज्याला ज्याला वेग विकायचा होता त्यानं अक्षर जाड केलं आणि पुढे वाकवलं. गुडइयर टायरचं नाव आठवा. तुमच्या पाकिटातल्या कार्डावरचं 'व्हिसा' बघा. पैसेही पळतच जातात, हे ते कार्ड महिनाअखेरीच्या आधीच सांगत असतं!

आणि एक भन्नाट किस्सा. १९८० च्या दशकात बार्बरा क्रुगर ह्या अमेरिकन आर्टिस्टनं 'फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक'मधली अक्षरं लाल पट्ट्यांवर लावून खरेदीच्या वेडाची खिल्ली उडवली. ऑब्लिक म्हणजे मूळ आकार तोच ठेवून नुसतंच झुकवलेलं अक्षर. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला 'सुप्रीम' नावाचं स्केटबोर्डवाल्या पोरांचं दुकान निघालं. त्याचा लोगो? लाल पट्टी, त्यावर तशीच पांढरी, जाड, झुकलेली अक्षरं! ज्या अक्षरानं खरेदीची टिंगल केली, त्याच अक्षरासाठी जगभरची पोरं रांगा लावायला लागली. ह्याला म्हणतात तिरकस विनोद.

आपलं इटॅलिक हुकलं कुठे?

आता घरी येऊ. इटलीतल्या कारकुनांचा घाईचा हात खिळ्यांत उतरला. मग आपल्याकडे असा घाईचा हात नव्हता का? होता की! मोडी. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिच्याखाली, बोरू फारसा न उचलता, अक्षरं लिहीत सुटायचं. शिवकाळातला कारभार मोडीत, पेशव्यांची दफ्तरं मोडीत, त्यानंतरची खरेदीखतं आणि हिशेबाच्या वह्याही मोडीत. आजोबांच्या ट्रंकेत शेतीचा जुना कागद असेल तर काढून बघा. अक्षरं एकमेकांचा हात धरून पळताना दिसतील.

मोडीचे खिळेही पाडले गेले होते. सेरामपूरहून १८१० मध्ये विल्यम कॅरीचा मराठी कोश निघाला, त्यात मराठी शब्द मोडीत छापले होते. पण पुढे छपाईत बाजी मारली ती बालबोध म्हणजे देवनागरीनं. जावजी दादाजींनी मुंबईत 'निर्णयसागर' छापखाना काढला तो १८६९ मध्ये. तिथल्या देखण्या खिळ्यांनी मराठी आणि संस्कृत पुस्तकांना रूप दिलं. ते रूप सरळ उभं. मोडी हातापुरती उरली आणि विसाव्या शतकात हातातूनही गेली. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली तेव्हा ती वाचणारी माणसं शोधावी लागत होती.

म्हणजे सरळ बालबोध आणि तिच्या जोडीला धावती मोडी, असा संसार मराठी छापखान्यात मांडलाच गेला नाही. मजकुराच्या टाइपाला एक तिरपी जोडी असायलाच हवी, ही सवय आपल्याला लागली नाही. एखादा शब्द उठून दिसायला हवा तर कंपोझिटर ठळक खिळे जुळवायचा, नाहीतर अवतरणचिन्हं टाकायचा. काम भागायचं.

मग आला कॉम्प्युटर. त्याच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वर दोन बटणं. जाडसाठी 'बी', तिरप्यासाठी 'आय'. बटणं इंग्रजीसाठी केलेली, पण मराठीवर दाबली तरी चालतात! विंडोज २००० सोबत 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट घरोघरी पोचला. तो केला होता र. कृ. जोशींनी. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले, आयआयटी मुंबईत पोरांना अक्षर शिकवणारे हे सर २००८ मध्ये गेले. 'मंगल'मध्ये तिरपं रूप नाहीच. तरी 'आय' दाबा, अक्षर झुकतंच. मग झुकवलं कुणी? कॉम्प्युटरनं. स्वतःच्या अकलेनं!

टेबलावर पत्त्यांचा कॅट ठेवा आणि वरून हलकेच उजवीकडे ढकला. प्रत्येक पत्ता तोच, पण कॅट कललेला. कॉम्प्युटर अक्षराचं हेच करतो. वेबच्या नियमांत ह्या ऑब्लिकचा कोन ठरलेला आहे, कुणी दुसरा सांगितला नाही तर १४ अंश. डिझायनर ह्याला सरळसरळ 'खोटं इटॅलिक' म्हणतात.

इंग्रजीत हे बऱ्यापैकी खपून जातं, कारण इंग्रजी अक्षर साधारण एका मजल्यावर राहतं. आपलं घर तीन मजली! वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार. मध्ये मूळ अक्षर. खाली उकार. घर ढकललं की वरचा मजला उजवीकडे सरकतो, खालचा डावीकडे. 'पूर्ती' हा शब्द तिरपा करून बघा. 'पू'चा उकार मागे राहतो आणि 'ती'वरचा रफार वेलांटीसकट पुढच्या शब्दाच्या अंगणात डोकावतो. 'ठ' आणि 'ट'ची गोलाई कलंडलेल्या अंड्यासारखी दिसते. उजवीकडे चढणाऱ्या रेघा बारीक होतात, उतरणाऱ्या जाड होतात. आणि एवढं सगळं होऊन शिरोरेषा मात्र आडवी ती आडवीच. तारेवर कपडे वाळत घातलेत आणि वारा सुटलाय, असं ते दिसतं.

चांगला डिझायनर काय करतो? आधी झुकवतो आणि मग बसून डोळ्यानं एकेक अक्षर दुरुस्त करतो. गोलाई परत गोल वाटेल अशी करतो, रेघांची जाडी सारखी करतो, रफार मागे ओढतो, उकार आत घेतो. 'हेल्व्हेटिका'चं तिरपं रूपही असंच झुकवलेलं आणि मग निगुतीनं सुधारलेलं आहे. सगळी गंमत ह्या 'मग'मध्ये आहे. बटण दाबून मिळतं ते त्याच्या आधीचं, कच्चं.

जाड होणं सोपं नाही, भो!

झुकण्याचं झालं. जाड होण्याचेही वांधे आहेत. अक्षराच्या आत जी पोकळी असते तिच्यावर अक्षराचा श्वास चालतो. इंग्रजी 'ओ'च्या पोटात एक मोठी पोकळी, रेघ कितीही जाड करा, ती उरते. आपल्या 'क्ष'मध्ये, 'ज्ञ'मध्ये, 'श्र'मध्ये किती गल्लीबोळ आहेत ते मोजा. 'भ' आणि 'म'ला गाठी आहेत. रेघ जाड केली की ह्या गल्ल्या बुजतात. शिरोरेषा जाड केली की खालच्या अक्षराचं डोकं दाबलं जातं. म्हणून ठळक देवनागरीत गर्दीच्या जागी रेघ गुपचूप बारीक करावी लागते, आणि ती बारीक केलीय हे वाचणाऱ्याला कळूही द्यायचं नसतं.

हे किती ताणता येतं ते बघायचं असेल तर 'मोडक' नावाचा फॉन्ट बघा. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या टाइप डिझायनरांच्या संस्थेतल्या सारंग कुळकर्णी आणि मैथिली शिंगरे ह्यांनी तो केला. इतका गुबगुबीत की अक्षराच्या आत पोकळी म्हणून फक्त केसाएवढ्या फटी उरल्यात. मोठ्या आकारात एकदम सही दिसतो. पण त्यात परिच्छेद टाइप केलात तर वाचणारा पहिल्या ओळीतच जेवून उठेल. त्याच 'एक टाइप'चा 'मुक्ता' बघा. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप ह्यांचा. बारीकपासून जाडजूडपर्यंत ७ वजनं, रोजच्या कामाला झकास, वर फुकट. त्यात तिरपं रूप मात्र नाही.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्याला, म्हणजे मराठीवाल्यांना छळते. 'ल' आणि 'श' ही अक्षरं हिंदीत वेगळ्या वळणाची आणि मराठीत वेगळ्या. राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठी वर्णमालेचं रूप ठरवून दिलं, तरी कितीतरी फॉन्ट आपल्या 'शाळे'ला हिंदी माध्यमात घालतात. आणि आपला तो 'ऱ्या'! 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'घाऱ्या' मधला पापणीसारखा 'र'. फॉन्ट कच्चा असला की त्याची पापणी गळते आणि वर रफार चढतो. फरक केवढा पडतो? लग्नाच्या यादीत 'आचाऱ्यांना पाच हजार द्यायचे' असं लिहिलंत आणि फॉन्टनं ते 'आचार्यांना' करून टाकलं, तर स्वयंपाकी उपाशी आणि पंडितजी खूश!

धावतं ते झुकतं

एवढं ऐकून वाटेल, ही बया बोल्ड इटॅलिकवर उठलीय. अजिबात नाही! मला ते आवडतं. फक्त त्याचा एक साधा हिशेब आहे: जे धावतं, त्याला ते शोभतं.

ट्रॅव्हल्सची बस, कुरियर, सायकलची रॅली, कबड्डीची टीम, जिम, 'फक्त ३ दिवस' वाला सेल... ह्या सगळ्यांना घाई दाखवायची असते. दोन-तीन शब्द, मोठ्ठा आकार, लांबून बघायचं. इथे जाड, झुकलेलं, साधं अक्षर फुल टू हिट. आपल्याकडचा केळीचा ट्रक आठवा. त्याला वेळेत दिल्ली गाठायची असते, माल कच्चा. त्याच्या कपाळावर वाकून धावणारं अक्षर असेल तर ते खरंच बोलतंय.

आता जळगाव स्टेशनवर जा. पिवळी पाटी, काळी अक्षरं, सरळ उभी. इथे गाडी धावत असते, वाचणारा धावत असतो, म्हणून पाटीनं ठाम उभं राहायचं. खिडकीतल्या माणसाला अर्ध्या सेकंदात कळायला हवं की आपलं गाव आलं. त्या पाटीला कुणी बोल्ड इटॅलिक करून बघितलं, तर अर्धा डबा भुसावळला उतरेल!

नंबर प्लेटचंही तेच. आपली एमएच १९, धुळ्याची एमएच १८. पण कित्येकांना नुसता नंबर पुरत नाही. इंग्रजी ४१४१ वाकवून, जाड करून 'दादा' करायचे. २१४ चा 'राम'. ८०५५ चा 'बॉस'. डोकं आहे पोरांचं, मानलं! डिझाइन म्हणून बघितलं तर आकड्यातून अक्षर काढणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही. पण नंबर प्लेट हा लोगो नाही. कुणी कुणाला उडवून पळाला, तर रस्त्यावरच्या माणसाकडे ती वाचायला एक क्षण असतो. त्या एका क्षणात 'दादा' दिसून चालत नाही, नंबर दिसावा लागतो. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे सांगतात, आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट येते. ती सरळ, सगळ्यांची सारखी. दादांचीही.

'उपाशीपोटी' कुठे गेलं?

आता घरातली गोष्ट. आईची शुगर टेस्ट करायची होती. एका लॅबनं आदल्या दिवशी सूचनांचा कागद दिला, मराठीत. छान वाटलं. पण कागदावरच्या चौदाच्या चौदा ओळी बोल्ड इटॅलिक! लॅबची वेळ बोल्ड इटॅलिक, पार्किंग बोल्ड इटॅलिक, 'आपल्या सेवेत सदैव तत्पर'ही बोल्ड इटॅलिक. त्यातच कुठेतरी सातव्या ओळीत 'उपाशीपोटी यावे'. आईनं चष्मा लावून कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि सकाळी नेहमीसारखा चहा घेऊन निघाली. टेस्ट वाया, रिक्षाचे पैसे वाया, आणि वर तिलाच वाटत राहिलं की आपल्याला आता वाचलेलं कळत नाही.

तिला नीट कळतं. चौदा जण एकदम ओरडत असतील तर कुणाचं ऐकायचं? ठळकपणा म्हणजे शेजाऱ्यापेक्षा वेगळं दिसणं. सगळेच ठळक झाले की कुणीच ठळक राहत नाही. वर अख्खा मजकूर तिरपा, म्हणजे रफार आणि अनुस्वार एकमेकांच्या अंगावर. साठीच्या डोळ्यांना ते शोधायला लावणं हा अन्यायच. तेरा ओळी साध्या ठेवून एकच 'उपाशीपोटी' ठळक केलं असतं, तर चहा वाचला असता!

तुम्ही म्हणाल, मग जोर द्यायचा कसा? अहो, मराठीत जोर द्यायला बटण लागतच नाही. आपल्याकडे 'च' आहे ना! 'मी येईन' आणि 'मीच येईन'. 'आज हवं' आणि 'आजच हवं'. इंग्रजीत लिहिताना जोर दाखवायला बऱ्याचदा शब्द तिरपा करावा लागतो. आपण एक अक्षर चिकटवतो आणि मोकळे होतो. शिवाय 'ही' आहे, 'तर' आहे, 'ना' आहे, 'बरं का' आहे. 'उपाशीपोटीच यावे' म्हटलं की अर्धं काम झालं. आपल्या भाषेनं इटॅलिकची कमतरता कधीच भरून काढलीय, फक्त ऑफिसात ईमेल लिहिताना आपण ते विसरतो.

पेंटरचा डोळा

फ्लेक्स यायच्या आधी गावातल्या पाट्या पेंटर रंगवायचे. खडू लावलेली दोरी ताणून भिंतीवर फटकन ओळ मारायची, तिरपं हवं तर तिरप्या खुणा करायच्या आणि ब्रशनं अक्षर उभं करायचं. जागा कमी पडली तर उकार आत वळवायचा, रफार मागे घ्यायचा, 'ठ'ची गोलाई हातानं फुगवायची. टाइप डिझायनर स्क्रीनवर करतो ती सगळी दुरुस्ती हे लोक शिडीवर उभं राहून करत होते. मग फ्लेक्स आला. तासाभरात बॅनर तयार, अक्षर जाड-तिरपं करायला दोन क्लिक. पेंटरांचं काम आटलं. त्यांच्या हाताबरोबर ती नजरही रस्त्यावरून कमी झाली. विसर्जनाच्या दिवसांत मेहरूण तलावाकडे जाताना दुतर्फा लागलेले फ्लेक्स बघा, म्हणजे कळेल.

पण सगळंच काही हातातून गेलेलं नाही. 'अडोबी देवनागरी' ह्या फॉन्टमध्ये साधं, ठळक, तिरपं आणि ठळक-तिरपं अशी चारही रूपं आहेत. तो बोरूच्या वळणाचा, टिम हॉलोवे, फिओना रॉस आणि जॉन हडसन ह्यांनी केलेला. 'टिरो देवनागरी मराठी' तर नावानिशी मराठीसाठी आहे, आपल्या 'ल' आणि 'श'सकट, आणि त्याला तिरपी जोडीही आहे. आणि सॅन्समध्येच हवं असेल तर 'पॉपिन्स'. २०१४ मध्ये इंडियन टाइप फाउंड्रीनं आणला, त्यातली देवनागरी निनाद काळे ह्यांची. आता त्यात १८ रूपं मिळतात, आणि बोल्ड इटॅलिकमध्ये देवनागरीही आहे. शेवटचे दोन फुकट मिळतात. म्हणजे खोटं इटॅलिक वापरायला पैशाची सबबही उरलेली नाही.

झुकण्याआधी एवढं कराच

- फॉन्ट डाउनलोड केलात की त्याचा फोल्डर उघडा. त्यात 'इटॅलिक' नावाची फाइल आहे? नसेल तर तुम्हाला दिसतंय ते कॉम्प्युटरनं ढकललेलं अक्षर आहे.
- कुठलाही मराठी फॉन्ट घेताना चार शब्द टाइप करून बघा: पूर्ती, क्षत्रिय, शाळेला, दुसऱ्या. चौघांची तब्येत ठीक असेल तर फॉन्ट ठीक.
- बोल्ड इटॅलिक तीन-चार शब्दांपुरतं ठेवा. वाक्य झालं की सरळ करा. परिच्छेद असेल तर बटणावरचं बोट उचला.
- प्रेझेंटेशनच्या एका स्लाइडवर एकच ठळक गोष्ट. दुसरी सुचली तर दुसरी स्लाइड.
- स्वतःचा धंदा सुरू करताय, लोगो करायचाय? आधी विचारा, माझं दुकान पळतं की थांबतं? घरपोच डब्बा असेल तर झुका. भरीत-भाकरीची खानावळ असेल तर अक्षराला मांडी घालून बसू द्या.
- औषध, तारीख, वेळ, पैसे आणि पत्ता कधीही तिरपे छापू नका. ते वाचणारी व्यक्ती बहुतेक तुमच्यापेक्षा वयानं मोठी असते आणि तिचा चष्मा बहुतेक घरी राहिलेला असतो.